आबांनी दाखवलेला बांध

६ जाने. १९७५, सोम.
शाळेत शिकवून आले तर आबा घरात नाहीत. विहिरीपर्यंत धावत गेले. तेवढ्यात शेजारच्या धर्माच्या बायकोने हाक मारली, "वैनी, सासरं तुमचं हितं हायत. जेवलं पण." आबा आपलंच घर समजून तिच्या ओटीवर बसले, भाकर मागितली. तिने वाढली. कालवण कसं झालंय विचारलं, तर म्हणाले, "आज मीठ बरोबर पडलं गं."
म्हणजे रोज माझं... हसू आलं. मग नाही आलं.

९ जाने., गुरु.
धर्मा आणि त्याचा चुलतभाऊ पांडू एकत्र आले. एकत्र म्हणजे चार हात अंतर ठेवून. भादव्यातल्या पुरात त्यांच्या दोन शेतांमधला बांध वाहून गेला. तो नेमका कुठून जात होता, यावरून तेव्हापासून अबोला. त्यांच्या बापांनी वाटण्या केल्या तेव्हा दोरी धरायला आबा होते. त्या दिवशीच्या माणसांपैकी आता आबाच उरलेत. म्हणाले, रविवारी येऊन आबांनी जागा दाखवावी, ते म्हणतील तिथे बांध.
"विचारते," म्हटलं. विचारू कुणाला?

११ जाने., शनि.
हे साजगावच्या कारखान्यातून आले. सांगितलं सगळं. बराच वेळ बुटाची नाडी सोडत बसले. मग म्हणाले, "आबा आजारी आहेत म्हणून सांग. त्यांना विसर पडतो हे कळू देऊ नकोस. गावात आबा म्हणजे त्यांचा शब्द. तो गेला तर काय उरलं त्यांचं?"
आबांचं नाव राखायचं म्हणून दोन घरांना अंधारात ठेवायचं, हे पटत नाही. आणि शब्द गेला की माणूस गेला, हेही नाही. सकाळी आबांना माझं नाव आठवेना. जरा चाचरले, मग म्हणाले, "बाय माझी." नाव नव्हतं, पण मी होते.

संध्या. – न राहवून खळ्यावर गेले. दोघेही होते. आबांना आता काही आठवत नाही, म्हणून सांगितलं.
धर्मा म्हणाला, "ठावं हाय, वैनी. वरीस झालं."
पांडू खाली बघून म्हणाला, "माझा बाप जाऊन नऊ वर्सं झाली. आबा वाटेत भेटलं की इचारतात, गणू कुठं हाय? मी सांगतो, शेतावर गेलाय."
मग त्यांना बोलवता कशाला, मी विचारलं. मोजणीदार आणा.
"मोजणीदार बांध दाखवील," धर्मा म्हणाला, "पण त्यात एक जितंल, एक हरंल. मग आमी जल्मात एकमेकांशी बोलणार नाय."

१२ जाने., रवि.
गेलो. आबांचा हात माझ्या हातात. हे मागून; गावाला ठाऊक आहे, ते त्यांना रात्रीच सांगितलं होतं. दोन्ही घरची माणसं आधीच उभी होती. आबा सगळीकडे बघत राहिले. "कुणाचं रं शेत?" कुणी हसलं नाही. धर्मा म्हणाला, "आमचंच, आबा. तुमी सांगा, बांध कुठं घालू?"
आबा चालायला लागले. माझा हात सोडला. एकदा मागे फिरले, मग एका जागी थांबले. "हितं."
वादातल्या पट्ट्याच्या मध्यापासून पांडूच्या बाजूला सरकूनच होती ती जागा. दोन हात तरी. मला दिसलं, त्याला तर दिसलंच असणार. तो ओठ दाबून उभा होता. मग स्वतःच दगड उचलून आणला आणि तिथे ठेवला.
परत येताना विचारलं, "आबा, खरंच तिथे होता बांध?"
"कुठला बांध गं?"

१५ जाने., बुध.
वरच्या आळीतला एकजण आला. आबांना आमच्याही शेतावर न्या म्हणाला. शेजाऱ्याला सांगितलंय का, विचारलं. "त्याला कशाला?" नाही म्हटलं. रागावून गेला.
ह्यांना कळलं तर म्हणतील, एकाला हो, दुसऱ्याला नाही, हे ठरवणारी तू कोण? बरोबर आहे. पण ते दोघे मिळून आले होते. डोळे उघडे ठेवून. वर्गात मुलं एकमेकांचे हात धरून गोल उभी राहतात, तेव्हा मध्ये कोण आहे याने काही... नीट लिहिता येत नाही.

१९ जाने., रवि.
पांडू एकटा आला. बसला नाही. "आई रोज बोलते, बांध तिथं नव्हताच, पोराबाळांची जमीन घालवलीस. खरं सांगा वैनी, चुकलो का मी?"
अजून दगडच आहे तिथे, माती पडलेली नाही. पांडूने उचलला तर कुणी अडवणार नाही.
तेवढ्यात आबा बाहेर आले. पांडूला बघून तोंड फुललं. "गणू, ये रं. बस."
पांडू बसला.
"पोरगा कसा हाय तुझा? पांडू?"
त्याने अंगणाकडे बघितलं. मग म्हणाला, "बरा हाय. जरा घोळात पडलाय."
आबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तेव्हा हात तिथेच होता, पांडूने तो बाजूला केला नव्हता.