काकूंच्या पाळणाघराचा परवाना

मंगळ. १६ सप्टें.
इन्स्पेक्टर म्हणून पहिली एकटीने केलेली व्हिजिट. ऑफिसात मॅडम म्हणाल्या, "जा, तुझा उत्साह कुठेतरी खर्च होऊ दे."
चाकण, एमआयडीसीच्या मागची गल्ली, सुमनकाकूंचं पाळणाघर. फर्स्ट आणि सेकंड, दोन्ही शिफ्टच्या बायकांची मुलं. समोर हॉल, मग बोळकंडीसारखा पॅसेज, मग मागची मोठी खोली. मुलं तिथेच असतात. स्वच्छ. वरण-भात गरम. मुलं काकूंच्या अंगाखांद्यावर.
पण आग विझवायचा फायर सिलेंडर नाही. मागच्या दाराला कुलूप. आणि परवान्यात लिहिलीयत त्यापेक्षा मुलं बरीच जास्त.
कुलपाबद्दल बोलले तर काकू, "मागं ग्यारेज हाय, त्याच्याम्होरं हायवे. पोरगं सटकलं तर तुमचा कागुद आडवा जाणार हाय का ट्रकला?"
उत्तर इंग्लिशमध्ये सुचलं, ते तिथे काय उपयोगाचं.
मुदत लिहून दिली. मॅडमसारखी सही करायला गेले, कोंबडीचा पाय झाला.

शुक्र. १९ सप्टें.
परत गेले. कोणी पाठवलं नव्हतं.
मुलांना आगगाडी शिकवली. शिट्टी वाजली की पुढच्याचा शर्ट धरायचा, आवाज नाही, आणि गाडी मागच्या दाराकडे. पुढच्या पॅसेजमध्ये सगळं वायरिंग आहे, म्हणून मागे. परी इंजिन. चार वर्षांची, आवाज भोंग्यासारखा. तिची आई रेखाताई, वायरिंगच्या कंपनीत लाईनवर, मूळच्या बीडकडच्या. न्यायला आल्या तेव्हा बघत उभ्या. म्हणाल्या, "घरी बी हीच इंजिन असती मॅडम. आमी दोघं डबे."
काकूंनी ड्रिलपुरतं कुलूप काढलं. मग घासाघीस. नियमात मुलं आत असताना कुलूपच नको. काकू ऐकेनात. शेवटी ठरलं, किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला कायम, मुलांचा हात पोचणार नाही इतकी वर. मी हो म्हटलं. प्रॅक्टिकल सोल्युशन वगैरे.
मॅडमना सांगायचं राहिलं. सांगेन.

गुरु. २५ सप्टें.
काकूंचा फोटो आला, नव्या फायर सिलेंडरला धरून, नातवाला धरल्यासारखं. खाली व्हॉइस मेसेज, "आला बगा तुमचा लाल जावई."
दिवसभर हसत होते. ऑफिसात सगळ्यांना ऐकवला.
खंडेनवमीला प्रसादाला या म्हणाल्यात. मॅडम, "आपण तपासतो तिथे खात नाही, गार्गी." आई म्हणते सणाला बोलावलं की जावं, न जाऊन त्यांचा अपमान कशाला. सुट्टी टाकून गेलं तर ऑफिशियल नाही ना?

बुध. १ ऑक्टो. चाकण, हॉस्पिटलचं बाकडं
परी आत आहे. ऑक्सिजन लावलाय. डॉ. म्हणाले घाबरू नका.
क्रमाने लिहिते, नाहीतर विसरेन. विसरणार नाही खरं तर.
कंपन्यांमध्ये आज मशीनची पूजा. बायका काठपदराच्या साड्या नेसून कामावर. शाळांना सुट्टी, म्हणून मोठी भावंडंही पाळणाघरात. काकूंनी हॉलमध्ये पूजा मांडलेली. पोळपाट, लाटणं, विळी, कुकर, पाळण्याचे हूक. मधोमध फायर सिलेंडर. झेंडूचा हार, हळदकुंकू, आणि पिनेला, हँडलला, नळीला फिरवून फिरवून लाल-पिवळा नाडा. "औंदा ह्यो नवा मानकरी." मी फोटो काढला. स्टेटसला टाकला. हत्यारांची पूजा झाली की त्या दिवशी ती हलवत नाहीत, हेही काकूंनी सांगितलं. मी म्हटलं, वा, मग स्वयंपाक? "काल करून ठिवलाय."
शिरा खाल्ला. मागे मुलांना द्यायला गेले.
पॅसेजमध्ये लायटिंगच्या माळा, सगळ्या एकाच बोर्डावर. आधी वास आला. मग पडदा पेटला, मग पॅसेज दिसेनासाच झाला. काळा धूर, प्लॅस्टिकचा.
मी शिट्टी वाजवली.
एकही मूल रडलं नाही. शर्ट धरले. परी पुढे. गाडी मागच्या दाराशी गेली आणि उभी राहिली. मी खिळ्याला हात लावला. खिळा रिकामा.
"काकू, किल्ली."
पलीकडून, हॉलमधून, "पूजंत हाय."
"मग सिलेंडर मारा."
काही नाही. मग, "पिन निघंना. नाडा..."
मी दार बडवत होते. मुलं तशीच उभी, एकमेकांना धरून, मी काही सांगेन म्हणून माझ्याकडे बघत.
मागच्या गॅरेजवाल्या निसारभाईंनी पहार घालून कुलूप तोडलं. त्यांच्या पोरांनी मेन बंद केला, ओल्या पोत्यांनी पडदा विझवला. सगळी मुलं बाहेर. परी बाहेर आली आणि बसली, मग आडवी झाली. तिचं तोंड दाराच्या फटीशी होतं आणि धूर त्याच फटीतून बाहेर जात होता. सगळ्यात जास्त तिने घेतला. इंजिन होती म्हणून.
रेखाताई पूजेतूनच आल्या. कपाळाला कंपनीतलं कुंकू. माझ्याकडे बघितलं नाही.

गुरु. २ ऑक्टो.
दसरा. परीला जनरल वॉर्डात हलवलं. खोकतेय पण बोलतेय. मला म्हणाली, "दार बंद होतं." चुगली करावी तसं.
काकूंचा फोन. आवाज बसलेला. "येक क्षण वाटलं, मांडलेली पूजा मोडायची कशी. येकच क्षण ग. मंग धावले तर नाडा सुटंना." रडल्या. मग एकदम वेगळ्याच आवाजात, "तू यवढंच सांग, किल्ली खिळ्याला व्हती. घाईत घावली न्हाई. तूच व्हतीस तिथं, दुसरं कोन सांगनार?"
मी म्हटलं, बघते.
का म्हटलं बघते.

शुक्र. ३ ऑक्टो.
मॅडमना सगळं सांगितलं. सुट्टी, शिरा, स्टेटस, खिळा. खिळ्याला त्या थांबल्या.
"कुलूप चालेल असं तू सांगितलंस?"
"किल्ली जवळ असेल तर."
"आणि नियम काय आहे?"
मी नियम पाठ म्हटला.
ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पाळणाघर लगेच बंद ठेवायचे आदेश, कारणे दाखवा नोटीस, मग सुनावणी. परवाना रद्द करायचा प्रस्ताव. माझा जबाब साक्षीदार म्हणून, इन्स्पेक्टर म्हणून नाही. "काय बोलायचं ते मी सांगणार नाही," म्हणाल्या. "तसं सांगायचं नसतंच."

मंगळ. ७ ऑक्टो.
बायका ऑफिसात आल्या, घोळक्याने. पुढे रेखाताई. वाटलं तक्रार द्यायला.
"पाळणाघर चालू करा मॅडम."
मी म्हटलं, ताई, परी...
"माहीतय मला परीचं. मी माफ नाही केलं काकूला. तुम्हाला बी नाही. पण सोमवारपासून सेकंड हाय माझी. सुपरवायझर म्हणला, लेकरू सांभाळ नाहीतर लाईन सांभाळ."
मागून एक बाई, नाव नाही सांगितलं, "आता मी दोघांना खोलीत ठिवून जाते. टीव्ही लावते, भायेरनं कुलूप."
कुलूप. ती सहज बोलून गेली. बाकीच्या बायकांनी मान हलवली, म्हणजे त्याही.
काकूंच्या कुलपातून पोरं सुटली आणि अशी कितीतरी दारं लागली. आम्ही रद्द करतोय ते नक्की काय?

गुरु. ९ ऑक्टो.
दोन दिवस या मुलांसाठी गावातलं समाजमंदिर मिळतंय का बघत फिरले. दोन दारं, दोन्ही मोठी, बाहेर उघडणारी. तिथले अध्यक्ष म्हणाले, "द्यू की. पन दिवाळीनंतर. आत्ता फटाक्याच्या स्टॉलचा माल ठिवलाय आत." तोंडावर हसू आलं, आवरलं.
मॅडम, "प्रस्ताव टाइप कर, पाठवते वर. पण हा तुझ्या जबाबाच्या बदल्यात नाही, कळतंय ना?"
कळतंय.
निसारभाई गॅरेजपाशी भेटले. "मॅडम, कुलूप एक नंबर होतं. आधी पहार वाकली, मग ते." मग हात पुसत, "काकू वाईट नाही. माझी दोन्ही पोरं तिनेच वाढवली. पण त्या दिवशी आतून तुमची शिट्टी ऐकू येत होती आणि पोरांचा आवाजच नव्हता. मला वाटलं, गेली सगळी."
मीच शिकवलं होतं. आवाज नाही करायचा.

मंगळ. १४ ऑक्टो.
उद्या सुनावणी. आईसमोर बोलून बघितलं. "किल्ली खिळ्याला होती" हे वाक्य इतकं सोपं आहे. तीन शब्द, माझ्या मराठीलाही जमणारे. परवाना वाचेल, दंडावर भागेल, रेखाताईंची नोकरी राहील. काकू आता जन्मात कुलूप लावायच्या नाहीत, हे मला पक्कं माहीत आहे.
माहीत आहे?
आई म्हणाली, "तू लहान असताना मी कोणाकडे ठेवायचे तुला, माहितीय? वरच्या मजल्यावरच्या आजींकडे. त्यांना ऐकूच यायचं नाही." आणि भाजी निवडत बसली. हे कुठल्या बाजूचं म्हणून सांगितलं, विचारलं नाही.

बुध. १५ ऑक्टो.
काकू हिरव्या साडीत, केस घट्ट बांधून. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं. काकू, "किल्ली खिळ्यालाच व्हती साहेब. धुरात दिसली न्हाई."
मग मी.
किल्ली पूजेत होती. सिलेंडरला नाडा बांधला होता. मुलं बंद दाराशी उभी होती कारण तिथे जायचं मी शिकवलं होतं. आणि खिळा मी मान्य केला होता, नियम माहीत असून.
साहेब, "हे शेवटचं तुमच्या रिपोर्टात आहे?"
"नाही."
"मग लिहून द्या."
दिलं. स्पेलिंगच्या चुका असतील. माझ्यावर काय होईल ते नंतर कळेल.
बाहेर जिन्यात काकू थांबलेल्या. वाटलं शिव्या देतील. "माझ्या हातचा परसाद अजून पोटात आसल तुझ्या," एवढंच. मग खाली उतरताना, पाठमोऱ्याच, "इंजिन कशीय?"
म्हटलं, खोकला कमी आहे.
"हळद-दूध द्या म्हनावं."

गुरु. १६ ऑक्टो.
परवाना रद्द. अपील करता येईल, तोपर्यंत केंद्र चालवायचं नाही. आदेश दारावर चिकटवायला आणि बंद असल्याचा पंचनामा करायला उद्या मी. मॅडम म्हणाल्या, दुसरं कोणी पाठवते. मी म्हटलं, नको.
समाजमंदिराचा प्रस्ताव "विचाराधीन".
रेखाताई सोमवारपासून सेकंडला जातायत. परी कुठे असते विचारायला फोन केला. "हाय की सोय," म्हणाल्या आणि कट केला.

शुक्र. १७ ऑक्टो. रिक्षात, पाळणाघरासमोर
रिक्षावाला चहाला गेलाय. पंच अजून आले नाहीत.
बोर्ड काढलाय. दारात छोट्या चपलांचा ढीग. काकू बाहेर आल्या, मला बघून दार मागे ओढून घेतलं. "पाव्हनी पोरं हाईत. दिवाळीला आल्यात."
"एवढी, काकू?"
"आमचा गोतावळा मोठा हाय."
डोळ्यात बघत होत्या. मीच खाली बघितलं. मी रिक्षात येऊन बसले, पंच येईपर्यंत.
बंद आढळले, किंवा सुरू आढळले. फॉर्ममध्ये एवढंच आहे. सुरू लिहिलं तर पोलीस केस, काकू आत, आणि सेकंडची बस आत्ता निघेल, या सगळ्यांना कोण घेणार? बंद लिहिलं तर आत जे काय असेल, ते माझ्या सहीने.
मॅडमचा फोन आला. "आत कोणी आहे का?"
म्हटलं, बघून सांगते.
आता परत वाजतोय. उचलला नाही. पंचांची मोटरसायकल कोपऱ्यावर दिसतेय. आतून काकू हळूच कोणालातरी म्हणतायत, गप, गप ऱ्हावा. आणि सगळी एकदम गप्प झाली आहेत.