गुलाबराणीचा दोर

हॅदरशॉ, लँकेशर
५ ऑक्टोबर २००४

चि. ब्रायनीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र आलं नि मी ते शेजारी मेव्हिसला दोनदा वाचून दाखवलं. माझी धाकटी बहीण असली म्हणून काय, तिच्या घरात कुणी वकील व्हायचं नाही, तेव्हा दुसऱ्यांदा जरा सावकाशच वाचलं. बाईसाहेबांनी बिस्किटाला हात लावला नाही!

तुम्हाला वकिलीच्या शिक्षणात आधी खुनाचाच धडा असतो म्हणतेस, तर एक विचारते. पंचावन्न सालच्या जत्रेत गावाने मेव्हिसला गुलाबराणी केलं. ती सोळाची, मी अठराची. मला कधीच केलं नाही. पांढरा झगा, मुकुट, आणि सिंहासन आर्थरच्या कोळशाच्या लॉरीवर. हो, तुझाच आजोबा, तेव्हा मेव्हिसच्या मागेमागे असायचा. सिंहासनाचा दोर मी गुपचूप सैल केला. वाटलं, पडावी, पाय मोडावा, रात्रीचा नाच चुकावा. मिरवणुकीत लॉरी वळताना पडली. अजून लंगडते. मेली असती तर मला काय म्हटलं असतं गं?

कुणाला बोलू नकोस. लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.
तुझी एटीआजी


लीड्स
१२ ऑक्टोबर

ती. आजीस ब्रायनीचा नमस्कार, वि. वि.

मीही दोनदा वाचलं, माझा चहा निवला. खून ठरायला जितंजागतं माणूस आपल्या कृत्याने मरावं लागतं, ते कृत्य बेकायदा लागतं, लढाईत शत्रूला मारलेलं नको. आणि मनात ठार मारायचा किंवा जबर इजा करायचा हेतू लागतो. आधीपासून बेत रचायला नको, क्षणभराचा हेतू पुरतो. तुला फक्त पाय मोडायला हवा होता, पण त्यात ती गेली असती, तर तेवढ्यावर खून ठरला असता. ती वाचली म्हणून तूही वाचलीस.

पण मुद्दाम जबर इजा करणं हाही गुन्हाच, नि त्याची मुदत संपत नाही, तेव्हा मनातलं पुन्हा कागदावर उतरवू नकोस. पण मेव्हिसआजीला सांग. नाहीतर तिच्या हातचा केक माझ्या घशाखाली उतरायचा नाही.

तुझ्या मायेची भुकेली,
ब्रायनी


हॅदरशॉ
३० ऑक्टोबर

चि. ब्रायनीस आशीर्वाद.

सांगितलं बाई. ती सफरचंदं सोलत होती. सुरी खाली ठेवली. वाटलं, आता पायावरून झोडपणार. पायाचं नावही नाही! म्हणाली, म्हणजे आर्थरने दोर नीट बांधला होता तर. त्याच्या हलगर्जीपणाने पडले, असं धरून तिने त्याची अंगठी परत केली होती. मला हे इतक्या वर्षांनी कळतंय. मी आपली समजत होते, तिचा कंटाळा आला म्हणून तो माझ्याकडे वळला. जन्मभर मिरवलं त्यावर.

मग म्हणाली, एटी, हा खून नाही ना, मग काय म्हणायचं ते विचार तुझ्या वकिलिणीला.

आता ती रोज सकाळी टेकडी चढून, लंगडत, आर्थरच्या थडग्यावर फुलं ठेवते. मी कितीही लवकर निघाले तरी तिची आधी असतात. परवा मी ती उचलून कडेला केली. काल पुन्हा मधोमध.

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते लिहीत नाही. तूच नको म्हणालीस ना.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी एटीआजी