चौदा नंबरचा डबा

३ नोव्हेंबर, सोमवार
तो सुशील! नावाचाच सुशील! मिनल ऑफिसातून रडत घरी आली. दोन महिने खपून पोरीनं कॉम्प्युटरच्या मुळातलं काम सोपं केलं — कर्नल का काय म्हणतात ते — अन् तिच्या या साहेबानं सगळ्यांसमोर म्हटलं, "चालते त्याले हात लावू नको."
माझ्याच मेसचा डबा खाते. चौदा नंबर. पाहतेच आता.

५ नोव्हेंबर
मिनलले म्हटलं, मी चौथी शिकलेली, मले समजीन असं सांग.
तर असं — कॉम्प्युटरात एका वेळी शंभर कामं चालू राहतात. प्रत्येकाले नंबर. एखाद्याले थांब म्हणायचं, मर म्हणायचं, तर त्या नंबरले सिग्नल जाते. निघताना तपासतात, पोचताना पुन्हा तपासतात — हा तोच काय? मिनल म्हणते, दुसरी तपासणी फालतू. जुन्या लोकांनी घातलेला गुंता. काढला की सुटसुटीत.
बरोबर आहे पोरीचं! मीही जूनपासून डब्यावर नावाच्या चिठ्ठ्या बांधणं बंद केलं. नुसता नंबर. रोज बावीस चिठ्ठ्या कोण लिहीन? काय बिघडलं? म्हटलं, सांग त्याले — माझी आई अशीच करते!

६ नोव्हेंबर
सांगितलं तिनं. तर तो हासला! म्हणे, "काकूंच्या मेसवर कॉम्प्युटर चालत नाही. मधल्या वेळात ते काम संपलं अन् नंबर दुसऱ्या कामाले गेला तर? मारायचं एक, मरते दुसरं."
माझ्या मेसवर हासते!
मिनल उद्यापासून घरूनच काम करणार. त्याचं तोंड पाहायचं नाही म्हणे.

८ नोव्हेंबर
भिवापूरची मिरची आणली. स्वतः कुटली. डोळ्यातून पाणी — पण जिवाले थंडक!
रस्त्यात देवाजी भेटले. कोराडीच्या पॉवर हाऊसमधून रिटायर झालेले, एकटेच राहतात. काविळीनं निम्मे झाले. फिका डबा मागत होते. बावीसच्या वर मी घेत नाही. चंपतरावले सांगून ठेवलं — डबे तेच पोचवतात — जो नंबर सुटीन तो देवाजींचा.

१० नोव्हेंबर, सोमवार
सकाळी घाई, तेल तापलेलं, अन् चंपतराव दारातूनच सुरू — "वहिनी, ते चौदा नंबरचं जरा—"
म्हटलं, तुम्ही नेण्याचं पाहा, नंबरचं मी पाहते!
चौदात सुरुवात म्हणून दोन चमचे. वरून तर्री.

११ नोव्हेंबर
चार चमचे. डबा रिकामा परत आला! मस्तवाल.

१२ नोव्हेंबर
आज वरणातही घातली. अन् तेही फोडणीच्या आड, दिसू नये अशी. चंपतरावले विचारलं, चौदा नंबर काही म्हणाला काय? तर माझ्याकडे पाहून म्हणतात, "म्हणतीन काय, तुमच्या हातचं आहे."
घाबरला वाटते साहेब! शुक्रवारी वरचे लोक ठरवणार — तपासणी काढायची का ठेवायची. मिनल जिंकली की त्याले गोड शिरा पाठवीन. मुद्दाम.

१३ नोव्हेंबर
चंपतराव चौदा नंबरचा डबा परत घेऊन आले. भरलेला, जसाच्या तसा.
सुशील सोमवारपासूनच काटोलले गेलेला, लग्नासाठी. डबा बंद करून. "तेच तर सांगत होतो वहिनी. नंबर देवाजींले दिला, तुम्हीच म्हटलं होतं. फिकं करा म्हणणार होतो, तर तुम्ही हाकललं."
देवाजी रात्रीपासून दवाखान्यात. सलाईन.
"तिखट लागत होतं म्हणे. पण बाईनं मेहनतीनं रांधलेलं, टाकू कसं — असं म्हणत संपवत होते."

१४ नोव्हेंबर
सकाळीच मिनलले म्हटलं, ती दुसरी तपासणी राहू दे.
"काहून वं आई?"
सगळं सांगितलं. तिनं उठून सुशीलले फोन लावला.
मी चिठ्ठ्या लिहायले बसली. पहिली — चौदा. देवाजी. फिकं.