निंबाभोवतीचा ओटा

९ ऑक्टोबर, सोमवार
चहात पान पडलं. सलग चौथ्या दिवशी! नगरपरिषदेच्या या बागेत एकशे बारा झाडं, नऊ बाकडी, दोन घसरगुंड्या (एक बंद), आणि पर्यवेक्षकाला, म्हणजे मला, खुर्ची टाकायला सावलीची जागा एकच — जुन्या निंबाखाली. एकोणीस वर्षांत मला पंखा, कपाट, बढती यांपैकी काही मिळालं नाही. पान मात्र मिळतं. आधी वाळलेलं पडायचं, फुंकून बाजूला करता यायचं. हे पिवळं, ओलं, थेट तळाशी जातं. चहा कडू. तक्रार करायची कुणाकडे? झाडाचा वरिष्ठ कोण?

रहेमतुल्लाभाईंना कप दाखवला. आमचे माळी, नोकरीत माझ्याहून जुने. हसतील वाटलं. हसले नाहीत.

"साहेब, निंब माघ-फागणात पान टाकते. हा तं भादवा आहे."

म्हटलं, हवामान बदललंय. हल्ली या उत्तरावर कुणी पुढे विचारत नाही.

११ ऑक्टोबर
चहा कार्यालयात घेतला. गोड लागला. बरं नाही वाटलं.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार
मुख्याधिकाऱ्यांनी बोलावलं. बागांच्या स्पर्धेची समिती २४ नोव्हेंबरला येणार. "वानखडे, तुमचा ओटा एक नंबरला दाखवायचा. बक्षीस आलं की तुमचा अधीक्षकपदाचा प्रस्ताव त्याच दिवशी पुढे जातो." एकोणीस वर्षं! खुर्चीत नीट बसता येईना.

ओटा माझाच. जूनमध्ये निंबाभोवती अडीच फूट उंच गोल ओटा बांधून घेतला, आत काळी माती ठासली, वर थेट खोडापर्यंत फरशी. समोर ग्रॅनाइटची पाटी: संकल्पना — संघपाल वानखडे. रोज जाता-येता मी त्या पाटीकडे न बघता बघतो.

बांधकाम चालू असताना रहेमतुल्लाभाई म्हणाले होते, "झाडाचा गळा दाबून राह्यले तुम्ही. पाहा, थंडी पडाच्या आत हा ओटा तुम्हीच फोडसान."

मी चारचौघांत म्हटलं, "फोडला तर शेगावची कचोरी माझ्याकडून!"

"गरम पायजे," ते म्हणाले.

२१ ऑक्टोबर, शनिवार
उत्तरेची फांदी पूर्ण उघडी पडली. रोज दुपारी बसायला येणाऱ्या अंबूबाई म्हणाल्या, "साहेब, बाकडं सरकवा ना बाप्पा, ऊन लागते." निंबाखाली ऊन!

घरी माळ्यावरून जुनी वही काढली. तीन वर्षांपूर्वी पुण्याला वृक्षसंवर्धनाच्या प्रशिक्षणाला गेलो होतो. तिथे तोंडातून एकदा 'मला'ऐवजी 'मले' गेलं, तर सगळा वर्ग वळून बघायला लागला. तरी पहिला आलो. प्रमाणपत्र कार्यालयात काचेत आहे. वही माळ्यावर.

पान सात: 'खोडाची मान मोकळी ठेवा. माती चढवली तर मुळांचा श्वास कोंडतो, साल कुजते. झाड लगेच मरत नाही, म्हणून चूक कळत नाही.' खाली दोन रेघा. अक्षर माझं.

२२ ऑक्टोबर
वही परत माळ्यावर टाकली.

२ नोव्हेंबर, गुरुवार
शेवटी महामायाला सांगितलं. कणीक मळता मळता ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "झाडाखाली बसून बुद्धांले ज्ञान झालं. तुम्ही झाडाखाली बसून ओटा बांधला!"

बायको आहे म्हणून सोडून दिलं. नाहीतर वाक्य चोरलं असतं.

"कधी फोडता मंग?"

"चोवीस तारखेनंतर."

"अन् तवरक त्यानं श्वास धरून बसाचं?"

पोळी करपली. दोघांनीही तव्याकडे पाहिलं नव्हतं.

१० नोव्हेंबर, शुक्रवार
रहेमतुल्लाभाईंनी खोडाजवळची एक फरशी उचकटली. आत हात घातला. साल बोटांबरोबर निघून आली. काळी, चिकट. नासक्या बटाट्यासारखा वास. फरशी त्यांनी होती तशी बसवली, वर पायाने दाबली.

"चोवीसपर्यंत मी काई बोलत नाही. तुमची एकोणीस वर्षं मले दिसतात, साहेब. पण ह्या अंगाची मुळं गेली समजा. आता त्या अंगाची चालली."

बोलत नाही म्हणाले, आणि सगळं बोलले!

दुपारी मुख्याधिकारी पाहणीला. वर बघून म्हणाले, "पिवळी पानं आधीच हलवून पाडून घ्या. आणि फांद्यांवर हिरवी लायटिंग करा." मी मान डोलावली. निंबानंही डोलावली असेल, उरलेली.

१४ नोव्हेंबर
लायटिंगवाला येऊन माप घेऊन गेला. दक्षिणेच्या फांदीवरही पिवळं दिसतंय.

१८ नोव्हेंबर, शनिवार
फोडला.

पहिला घण स्वतःच्या नावाच्या पाटीवर घातला, असं इथे लिहिता आलं असतं. शोभलं असतं. खरं असं की पाटी मी आधी हळूच काढली, पोत्यात गुंडाळली, सायकलीला बांधली. मग घण घेतला. अकराव्या घावाला हात सुजले. मजूर बघत उभे. साहेबांना घण मारताना पाहायचा योग त्यांनी का सोडावा?

भिंत पडल्यावर फावडं घेतलं, तर रहेमतुल्लाभाई ओरडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "फावडं नोका लावू बे! साल पाह्यली का?" मग दोघांनी हातांनी माती काढली. चार वाजता बुंधा दिसला. अर्धा काळा. अर्ध्यावर नखानं खरवडलं — आत हिरवं!

'बे'बद्दल त्यांनी माफी मागितली नाही. मीही मागितली नाही, ओट्याबद्दल.

२० नोव्हेंबर, सोमवार
मुख्याधिकारी: "वेड लागलं का तुम्हाला? चार दिवस थांबता आलं नाही?"

म्हटलं, मला आलं असतं. झाडाला विचारलं नव्हतं.

कारणे दाखवा नोटीस घेऊन बाहेर आलो. ओट्याच्या जागी समितीसाठी हिरवं कापड लावायचं ठरलंय.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार
समितीत तिघे. जयमाला मॅडम प्रमुख. त्यांनी कापड उचललं. "हे काय?"

मुख्याधिकारी "सुशोभीकरणाचं काम —" म्हणाले, तेवढ्यात मी म्हटलं, "माझी चूक, मॅडम. अडीच फूट उंच होती."

त्यांनी बुंधा बघितला, काहीतरी लिहिलं, पुढे गेल्या. त्या सदराला शून्य गुण. प्रस्ताव फाईलमध्ये राहिला.

२९ फेब्रुवारी, गुरुवार
रहेमतुल्लाभाई निवृत्त. शाल, नारळ, चार भाषणं. अधीक्षकपदावर बाहेरून माणूस आला, त्यानंच शाल दिली. निंब पूर्ण उघडा. माघ आहे, म्हणजे आता कळायचंही नाही की झोपलाय की गेला. जाताना ते त्याच्या बुंध्याला हात लावून गेले. शर्तीचं बोलले नाहीत. मीही नाही.

१६ मार्च, शनिवार
चहात पान पडलं. तांबूस, नखाएवढं, कोवळं.

शेगावला जाऊन कचोरी घेतली आणि वडनेर भोलजीला रहेमतुल्लाभाईंच्या घरी रोजा सुटायच्या वेळेला पोचलो. कचोरी गार झाली होती. त्यांच्या पत्नी इमामबींनी तव्यावर गरम केली. खजूर खाऊन, पाणी पिऊन रहेमतुल्लाभाईंनी आधी विचारलं, "किती फुटला?"

"अर्धा. दक्षिणेचा."

त्यांनी कचोरी मधोमध मोडली. अर्धी स्वतः घेतली, अर्धी माझ्या हातावर ठेवली. सोबतची तळलेली मिरची मात्र सगळी मलाच.