डबी एकेरीवर आली

३ मार्च

माझी बोलकी डबी उद्या आठ आज्यांसमोर! वेळ झाली की म्हणते, ‘कृपया तुमची गोळी घ्या.’ त्यांना पटली तर कारखान्यात जाईल, नाहीतर कपाटात – माझ्या आधीच्या तीन कल्पनांच्या शेजारी. साहेब म्हणाले, ‘चौथीही फसली तर तुम्हाला पॅकिंगला बसवतो.’

शिवाय आईला रोज दोनदा फोन करून ‘गोळी घेतलीस का?’ विचारायची कटकट मिटेल. रोज विसरते!

४ मार्च, सकाळ

एक आजी आयत्या वेळी गळाली. चाचणीत नातेवाईक बसवायला सक्त मनाई. आईला बसवतोय! बजावलंय – ओळख दाखवायची नाही, मी अहो-जाहो करणार. ‘कर बाबा, जन्मात एकदा तरी मान दे,’ म्हणाली.

संध्याकाळ

घात झाला!! काचेपलीकडे साहेब बसलेले. सात आज्यांचं एकच पालुपद – ‘बरी आहे.’ म्हणजे फुकट दिली तरी घरी नेणार नाहीत. आई मात्र रंगात, मलाच विचारते – ‘तुमचं लग्न झालंय का हो, साहेब? वय दिसतंय म्हणून विचारलं.’ सगळ्या खुसखुसल्या.

मग डबी तिच्या हातात दिली. आत नमुन्याच्या साखरेच्या गोळ्या. ‘कृपया तुमची गोळी घ्या’ – तीनदा झालं, ही ढिम्म! माझं डोकंच फिरलं – ‘अगं, घे ना! किती वेळा सांगायचं तुला?’

आईने मुकाट्याने गोळी तोंडात टाकली.

५ मार्च

साहेब कडाडले, ‘आजीच्या वयाच्या बाईशी एकेरीवर येता? लाज नाही वाटत?’ मान खाली घातली. नातं कळलेलं नाही, वाचलो! मग त्यांनी आज्यांचे कागद पुढे सरकवले. सात जणींनी लिहिलंय – ही नको, पण त्या मुलासारखी ओरडणारी काढलीत तर घेऊ.

आठवा कागद कोरा. आईचा.

२ एप्रिल

डबी पास! माझ्याच आवाजात – ‘अगं, घे ना!’ पहिली आईला दिली. फोनची कटकट संपली. सुटलो!

२० एप्रिल

आज आईकडे गेलो. अठरा दिवसांत एकदाही फोन केला नव्हता. डबी गप्प – सेल काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घातलेले. घाबरून गोळ्या मोजल्या. एकही चुकलेली नाही.

‘मी कधी विसरत होते?’ म्हणाली.