राखणदाराच्या विड्याची गाडी

२ जानेवारी, शुक्रवार

सत्यवानाला कोणी बोलावलं होतं? कोणी नाही! तरी ओसरीवर पाय पसरून बसला, माझा चहा प्यायला, आणि म्हणतो— "वयनी, तुझी ढोपरां गेली. पौषी अवशेचो विडो औंदा आमच्या घरातसून जाऊं दी." चुलत दीर म्हणून चहा दिला. नाहीतर ताकही दिलं नसतं.

धनी गेल्यापासून अकरा वर्षं पौषी अमावास्येला सड्यावरच्या, म्हणजे गावामागच्या कातळमाळावरच्या राखणदार देवाला विडा मीच नेते. वाट नाही, नुसते जांभ्याचे धोंडे. तेव्हा कोणाला मान नको होता. आता सड्यावरची आमची आंब्याची कलमं धरायला लागली, तर मान हवा! आज विडा नेईल, उद्या म्हणेल सडा माझा.

ढोपरं मात्र खरीच गेली.

३ जानेवारी

नात आली, दीपिका. कणकवलीला गॅरेजात मोटारी उघडते, शनिवार-रविवार घरी. म्हणाली, "आजी, मी न्हेतंय विडो." म्हटलं, गप रव. उद्या लग्न करून जाशील, मान काय पेटीत घालून नेणार? विडा घरच्या मोठ्याच्या हातानेच जायचा.

फुगली. मग खोक्यातून आपली रिमोटची गाडी काढलीन. क्रॉलर म्हणतात. कोंबडीएवढी, पण चाकं ही मोठी, धोंड्यांवर चढण्यासाठीच केलेली. "मगे रिमोट तू धर. हात तुझोच झालो!"

पोर माझ्यावर गेलीय.

४ जानेवारी

परसातल्या धोंड्यांवर चालवली. पाच वेळा उलटी! मोकळ्यावर बरी वळते, चाक धोंड्याला टेकलं की वळतच नाही, हट्टी सुनेसारखी. दीपिकाने खाली डोकं घालून बघितलं. चाकं वळवणारी मोटर दमदार आहे, पण मोटर आणि चाकं यांच्यामधली दांडी प्लास्टिकची. ती वाकते, जोर तिथेच मरतो. पुढल्या शनिवारी लोखंडी आणते म्हणाली.

पुढला शनिवार!

७ जानेवारी

बसवत नाही. भात दोनदा करपला. तीनदा सड्याच्या पायथ्याशी जाऊन आले. धोंडे मोजले, मोठे एकोणीस.

१० जानेवारी

लोखंडी दांडी बसली. आता चाक धोंड्याला रेटून वळतं. पण पूर्ण वळलं की वरच्या टपाला घासतं. दीपिकाने टप कापला, मागच्या स्प्रिंगा काढून मऊ घातल्या. आधी घट्ट होत्या, म्हणून एक चाक हवेत लोंबायचं. आता चारही खाली टेकतात.

तरी चढावर मागे कलंडते. ती फोनवर शोधत बसली. मी म्हटलं, फोन ठेव. घाटी चढताना गाडीवान ओझं कुठे सारतो? पुढे, बैलांच्या खांद्यावर. शेजारच्या सिसिलियाकडे गेले, तिच्या घोवाच्या मासेमारीच्या जाळ्याचे शिशाचे मणी मागून आणले, पुढच्या दोन चाकांत भरले. चढली! दीपिका तोंडाकडे बघत राहिली. चौथी शिकलेय म्हणून काय झालं?

१४ जानेवारी, संक्रांत

एका शॉकातून तेल गळून गेलं. शॉक म्हणजे स्प्रिंगेच्या आतली नळी, तेल भरलेली, त्याने गाडी उड्या मारत नाही. दीपिका शनिवारी येणार, आणि अवस रविवारी. तोवर मी काय हात चोळत बसू? नळ्या खोलताना तिला बघितलं होतं. चारही खोलल्या, घाण्याचं खोबरेल भरलं, आवळल्या. दुपारी चालवली. लोण्यासारखी! तिला सांगितलं नाही. उगाच शहाणपण शिकवील.

१७ जानेवारी

सत्यवान बावीवर, पाणी भरणाऱ्या चार बायकांसमोर— "यंत्राच्या हातचो विडो राखणदार घेतलो काय?" म्हटलं, तुझ्या हातचा घेईल काय ते आधी बघ. हात धुतोस तरी?

१८ जानेवारी, रविवार, अवस

सूर्य वर यायच्या आत विडा ठेवायचा. काळोख फिटताना पायथ्याशी गेलो. बोचरी थंडी. सत्यवान आधीच हजर. टपावर विडा बांधला, मी रिमोट धरला.

पहिल्या धोंड्यावर चारही चाकं ताठ! लाकडाची गाडी जशी. दुसऱ्यावर टणकन उडाली, तिसऱ्यावर उताणी.

"आजी, शॉकात काय घातलंस गो?"

खोबरेल. थिजलं! जन्मभर थंडीत बाटली उन्हात ठेवून मग केसांना तेल लावते, आणि हे सुचलं नाही. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

सत्यवान हसला. म्हटलं, हसतोस काय? घे विडा, चढ! मोठ्या तोऱ्यात निघाला. सहाव्या धोंड्यावर बूड टेकलं ते टेकलंच. "वयनी, जरा पाणी... माझीय ढोपरां..." आभाळ तांबडं झालं होतं.

दीपिका त्याच्यापर्यंत गेली. त्याच्या हातातला विडा घेतलान आणि चढली. मी अडवायला तोंड उघडलं. आभाळाकडे बघून मिटलं.

वर पोचली, विडा ठेवलान, देवापुढचं गाऱ्हाणं मोठ्याने सुरू केलंन. कधी शिकली कोण जाणे! "बा राखणदारा म्हाराजा, सालाबादप्रमाणे ह्यो विडो ठेवलो आसा, तो गोड मानून घे रे म्हाराजा!" गाऱ्हाण्याला खालून कोणी 'व्हय म्हाराजा' म्हटलं नाही तर ते पोचत नाही. सत्यवान मुका. मग मीच म्हटलं.

"आजयेन शॉकात खोबरेल घातल्यान, ती चूक पदरात घे रे म्हाराजा!"

तेव्हाही मीच म्हटलं. दात-ओठ खाऊन.

१९ जानेवारी

मान दीपिकाचा. लग्न करून विजयदुर्गास जावो नाहीतर मस्कतला, अवशेला इथे यायचं. पुढल्या वर्षी गाऱ्हाणं तीच घालील. आणि खालून 'व्हय म्हाराजा' सत्यवानाने म्हणायचं. माझ्या बाजूला उभं राहून, मला ऐकू येईल असं.