चिंतन सप्ताह आणि मागचं दार

९ फेब्रुवारी, सोमवार

कालपासून टीव्हीवर तेच. दूरच्या एका शहरात कोचिंग क्लासच्या इमारतीला आग लागली. पुढच्या जिन्यात धूर, मागच्या दाराला बाहेरून कुलूप. आपल्या बी.ए.च्या पोरांच्या वयाची मुलं गेली. सरकारने दुखवटा जाहीर केला आहे. रात्री मला जेवण गेलं नाही. पोळ्या दोनच खाल्ल्या.

आणि आज कॉलेजात काय पाहिलं? कॅन्टीनसमोर पोरं तर्री-पोहे हाणत होती. एक जण भिंतीआड तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. दोन मुली रील काढत होत्या. देश सुतकात आणि ह्यांना वरून कांदा पाहिजे! शिसारी आली.

मी विद्यार्थी विकास अधिकारी आहे. ह्या पिढीला हलवायचं तर मलाच हलावं लागणार. संकल्प: 'राष्ट्रीय चिंतन सप्ताह'. आधी चिंतन, मग कृती. कृती काय करायची ते नंतर ठरवू.

उपप्राचार्यांची जागा मार्चअखेर रिकामी होते आहे. त्याचा ह्याच्याशी काडीचा संबंध नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

स्टाफ मीटिंग. प्राचार्य मॅडमनी विचारलं, गभणे सर, पण मुलं नेमकं करणार काय? म्हटलं, विचार करतील. मॅडम बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. प्रभावित झाल्या असाव्यात.

उद्घाटनाला दीपप्रज्वलन ठेवलं आहे. त्यावर त्या म्हणाल्या, आगीत गेलेल्या मुलांसाठी तुम्ही ज्योत पेटवणार? म्हटलं, परंपरा आहे मॅडम. फ्लेक्सवर माझ्या फोटोमागे ज्वाला टाकल्या होत्या, त्या काढायला लावल्या. सौंदर्यदृष्टी म्हणून नाही ह्या बाईंना.

घरी वंदनाला फ्लेक्सचा नमुना दाखवला. बायको म्हणून चार चांगले शब्द बोलेल असं वाटलं होतं. तर म्हणे, अहो, हा फोटो तर अर्णवच्या बारशातला आहे. अर्णव यंदा अकरावीला आहे. चेहऱ्यात काही फरक पडलेला नाही हे तिच्या लक्षात येत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

पहिलं सत्र. सभागृह खचाखच. ह्यामागे माझं नियोजन आहे, ते इथे लिहून ठेवतो, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही.

सभागृहाला दोन दारं. पुढच्या दारावर शिपाई ताराचंद स्टूल टाकून बसतो. मागचं दार मैदानात उघडतं. तीन वर्षांपूर्वी माझ्या 'मतदार जागृती'वरच्या व्याख्यानात पोरं ह्या मागच्या दाराने एकेक करून सटकली. आभारप्रदर्शनाला उठलो तेव्हा फक्त पहिली रांग उरली होती, तीही प्राध्यापकांची. तेव्हापासून कार्यक्रम असला की त्या दाराला बाहेरून कुलूप. किल्ली माझ्या खिशात. त्यानंतर माझ्या एकाही कार्यक्रमाची उपस्थिती पडलेली नाही. पोरं मला मागे 'कुलूप सर' म्हणतात असं कळलं. शिस्तीबद्दलचा आदर, दुसरं काय.

तर आज बोललो. छान बोललो. शेवटी विचारलं, ह्या दुर्घटनेतून आपण काय बोध घेतला? फायनल इयरची पिंकी उभी राहिली. मेश्रामांची. सक्करदऱ्याहून सायकलने येते, चष्मा, आवाज खणखणीत. म्हणाली, सर, हे मागचं दार काहून बंद आहे?

म्हटलं, हे विषयांतर झालं. प्रश्नोत्तरं शेवटी. शेवटी प्रश्न मागितले तर हीच पुन्हा उठली आणि पुन्हा तेच. म्हटलं, वेळ संपली.

ह्या पिढीला मोठा विचार झेपतच नाही. राष्ट्राबद्दल बोलावं तर ह्यांची नजर कडी-कोयंड्यावर.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

निबंध स्पर्धा. विषय: 'राष्ट्रीय आपत्ती आणि मी'. वाचून डोकं उठलं. सगळ्यांनी दारांवर लिहिलं आहे. दारं, जिने, खिडक्यांचे गज. एकाही निबंधात सुभाषित नाही.

अश्विनचा तर अर्धंच पान. हा नरखेडकडचा, घरी संत्र्याची बाग, इथे बहीण मोनालीबरोबर खोली करून राहतो. लिहितो की बहिणीचा क्लास तिसऱ्या मजल्यावर आहे, जिना एकच, आणि जिन्याच्या पायथ्याशी खालच्या दुकानदाराने आइस्क्रीमचा फ्रीझर ठेवला आहे. 'मोनाली वर गेली की मी खाली उभा राहतो. ती उतरली की खोलीवर जातो. मले दुसरं काही सुचून नाही राहिलं.' संपला निबंध!

प्रस्तावना नाही, समारोप नाही, बोली भाषा. नापास केला. मन मोठं करून दोन मार्क सुवाच्य अक्षराचे दिले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सत्राला पिंकी, अश्विन आणि त्यांची टोळी गैरहजर. चौकशी केली. म्हणे सक्करदऱ्यातल्या क्लासेसची मागची दारं बघत फिरून राहिले. अश्विनच्या बहिणीच्या जिन्यातला तो फ्रीझर ह्यांनी हलवला. दुकानदार आधी भांडला. तेव्हा पिंकीने त्याला म्हणे विचारलं, काका, तुमची पोरगी कोणत्या क्लासले जाते? मग तो स्वतःच फ्रीझरला खांदा लावायला आला.

मी समोर उभं करून विचारलं. विभागाची परवानगी घेतली? नाही. बॅनर नेला होता? नाही. फोटो? फोटो काढायले हात मोकळे कुठे होते सर, म्हणे, फ्रीझर जड होता.

ह्याला काय उपक्रम म्हणायचं? ना उद्घाटन, ना आभार. वीट आला आहे मला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आजच्या तारखेला गुलाब-बिलाब घेऊन हिंडणारी पोरं आवरायची म्हणून मुद्दाम जास्त वेळाचं सत्र ठेवलं होतं. गुलाब कुठेच दिसला नाही. पोरंही आत दिसली नाहीत. सगळी सभागृहाच्या पायऱ्यांवर बसलेली. घोषणा नाहीत, गोंधळ नाही. शांत. मला हे फार उद्धट वाटलं.

अश्विन उठून म्हणाला, सर, मागचं दार खोला, मंग आम्ही आत बसतो. म्हटलं, आधी बसा, मग बघू. तर म्हणाला, त्या पोरांलेबी आधी बसवलंच होतं न सर.

मी बाणेदारपणे आत गेलो आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर माईकवर पूर्ण भाषण केलं. तत्त्वाचा प्रश्न होता. मध्येच लाइट गेली तेव्हा बाहेरून टाळ्या ऐकू आल्या.

मग मॅडमनी बोलावलं. कुलूप कोणी लावलं, विचारलं. जुनी प्रथा आहे म्हटलं. किती जुनी? म्हटलं, बघावं लागेल. त्या म्हणाल्या, दाराचं कुलूप निघाल्याशिवाय मी तुमच्या कार्यक्रमाला पाय ठेवणार नाही, आणि सोमवारी ते निघालेलं दिसलं नाही तर मी माणूस आणून तोडते. सप्ताहाचा समारोप पुढच्या शुक्रवारी. प्रमुख पाहुणे आमच्या संस्थेचे उपाध्यक्ष बाबाराव साहेब. उपप्राचार्य कोण होणार हे त्यांच्या हातात. मॅडम नाहीत, पोरं नाहीत, आणि साहेब रिकाम्या खुर्च्या बघणार! आणि दार उघडं ठेवलं तर त्या भरून पुन्हा रिकाम्या होताना बघणार. इकडे आड, तिकडे विहीर.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. उपवास. साबुदाणा दोनदा, रताळं एकदा, शेंगदाण्याची चिक्की सोयीप्रमाणे.

वंदनाला सगळा प्रकार सांगितला. सहानुभूतीची अपेक्षा होती. ती हातातलं काम थांबवून म्हणाली, तुमाले भीती कशाची आहे, पोरं पळून जातील याची का मरतील याची? म्हटलं, प्रश्न भीतीचा नाही, शिस्तीचा आहे. तर म्हणाली, आपला अर्णव रोज चार तास क्लासमध्ये बसून राहतो. त्याच्या क्लासचं मागचं दार कुठे आहे, पाहिलं का तुम्ही कधी?

म्हटलं, फी वेळेवर भरली आहे. ती देवळात गेली.

दुपारी सहज अर्णवला विचारलं. तो म्हणाला, बाबा, पिंकीताई आणि ते अश्विनदादा येऊन पाहून गेले न. दाराले बाक लावून ठेवले होते, ते काढून टाकले. आता खुलते.

माझ्या मुलाच्या क्लासला जाऊन आले आणि मला कळवलं नाही. ही कुठली पद्धत? राग आला. पण का कोण जाणे, संध्याकाळचं रताळं तसंच राहिलं. अर्णव अभ्यास करत होता तिथे उगाच दोनदा जाऊन आलो. त्याने विचारलं, काही पाहिजे का बाबा? म्हटलं, नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

विजय! पोरं शरण आली.

सकाळीच पिंकी आणि अश्विन केबिनमध्ये. पिंकी म्हणाली, सर, कुलूप आजच काढा आणि शुक्रवारी दार उघडं ठेवा, आम्ही पूर्ण हॉल भरून देतो. सायन्सवालेही आणतो. मौन पाळतो, पुरे दोन मिनिटं. फक्त तो दिवा पेटवू नका. मी थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं आणि मान्य केलं. कुलूप तसंही मॅडम तोडणारच होत्या, पण ते पोरांना कशाला सांगा.

जाताना तिने एकच विचारलं. मौनात डोळे मिटायचे न सर? म्हटलं, अर्थात. मीच आधी मिटेन, तुम्ही माझ्यामागे. ती म्हणाली, हो सर, तुम्ही पक्के मिटा. मला भरून आलं. अश्विन मात्र कारण नसताना खिडकीबाहेर बघत होता. लाजरा आहे.

कुलूप मी स्वतः काढलं. गंजलेलं होतं, ताराचंदने खोबरेल तेल घातलं तेव्हा निघालं. उघड्या दारातून कोणी उठून जाईल ही धास्ती होती, पण आता नाही. माझं भाषण मनापासून ऐकणारा माणूस जागचा हलत नसतो.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

शिवजयंतीची सुट्टी. नवा बंदगळा कोट आला. बटणं लागतात. श्वास घेतला की एक सुटतं. उद्या बेताने घ्यायचा.

२० फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळ

रात्रभर झोप नाही. भाषण पाठ आहे. मौनानंतर लगेच 'मित्रहो' म्हणायचं, आवाज किंचित कापरा. आज ही पिढी बदलणार.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ

जे झालं ते क्रमाने लिहितो.

हॉल भरला. मागे पोरं उभी होती इतका. मॅडम पहिल्या रांगेत. बाबाराव साहेब मंचावर, गळ्यात हार. मागचं दार सताड उघडं, आणि एकही जण त्या दिशेला बघत नव्हता. प्रास्ताविक मी केलं. कुणाच्या हातात मोबाइल नाही. नोकरीत असं पहिल्यांदा पाहिलं.

मी मौनाची सूचना केली. सगळे उठले. मी डोळे मिटले.

असं मौन मी कधी ऐकलं नव्हतं. खोकला नाही, खुर्चीचा आवाज नाही. मैदानावरून वाऱ्याची झुळूक आली. मला त्या गेलेल्या मुलांची खरोखर आठवण झाली. मग मध्येच अर्णव आठवला, तो तिथे बाकावर बसलेला आहे आणि मागे दार आहे. डोळ्यांत पाणी आलं. हे मी खोटं लिहीत नाही.

डोळे उघडले. हॉल रिकामा.

एक माणूस नाही. मॅडम नाहीत. ताराचंदचं स्टूल रिकामं. शेजारच्या खुर्चीवर बाबाराव साहेबांचा हार ठेवलेला.

मागच्या दाराशी गेलो. मैदानावर सगळे वर्गवार रांगांत उभे. प्रत्येकाच्या हातात चपला, म्हणजे आवाज होऊ नये म्हणून अनवाणी गेले होते. सत्तरीचे बाबाराव साहेबसुद्धा अनवाणी, बूट हातात, दुसरा हात अश्विनच्या खांद्यावर. पिंकीने मोजणी केली आणि सांगितलं, दोन मिनिटांच्या आत सगळे बाहेर आले. त्या पोरांजवळ एवढाच वेळ होता, पण दार नव्हतं. मग म्हणाली, आपल्यातले एक जण आत राहिले.

साहेबांनी विचारलं, कोण गा?

तिने माझ्याकडे पाहिलं. गभणे सर, म्हणाली.

मी पायरीवर उभा. हसतील असं वाटलं. हसायला पाहिजे होतं, ते मी निभावलं असतं. कोणी हसलं नाही. जो आत राहतो त्याच्यासाठी उभं राहायचं, असं त्यांचं मॅडमना विचारून आधीच ठरलेलं होतं म्हणे. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मॅडमनीही घातली. साहेबांनीही. आणि माझ्यासमोर, माझ्यासाठी, मौन पाळलं.

कोटाचं बटण सुटलं, त्याचाच काय तो आवाज झाला.

२१ फेब्रुवारी, शनिवार

मॅडमनी बोलावलं. बाबाराव साहेब फारच खूश आहेत. पोरांवर. कॉलेजची सुरक्षा समिती नेमली, पिंकी प्रमुख. सभागृहाच्या किल्ल्या आता समितीकडे. उपप्राचार्यांचा विषय निघाला नाही. मी घसा खाकरून काढला, तरीही निघाला नाही.

मलाही समितीत घेतलं आहे. असा सराव दर महिन्याला होणार, आणि प्रत्येक सरावात आत राहणारा कोणीतरी लागतो म्हणे, त्याला शोधून बाहेर काढायची सवय व्हावी म्हणून. मॅडम म्हणाल्या, तुम्हाला अनुभव आहे.

होकार दिला. पदाचा मोह मला कधीच नव्हता. फक्त पिंकीला एक विचारून घेतलं, की सराव चालू असताना मी माईकवर भाषण सुरू ठेवलं तर चालेल का.

ती म्हणाली, ठेवा न सर. लोक लवकर बाहेर निघतील.